फिरत्या इंग्रजी नट-निर्मात्याची कारकीर्द कशी शोधावी आणि कशी मांडावी

फ्रँक बेन्सन यांचे नाव आज नाटकाच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. १८५८ मध्ये जन्मलेल्या या नटाने १८८३ मध्ये वॉल्टर बेंटली यांची फिरती मंडळी ताब्यात घेतली आणि त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ शेक्सपिअरची नाटके घेऊन ते ब्रिटनमधल्या गावोगावी मुक्काम करीत राहिले. १८८६ पासून जवळजवळ तीस वर्षे शेक्सपिअरचे जन्मगाव असलेल्या स्ट्रॅटफर्ड येथील शेक्सपिअर महोत्सवाचा भार प्रामुख्याने त्यांच्याच मंडळीने वाहिला. अशा नटांविषयी लिहिणारा माणूस मात्र बहुधा लंडनमधले हंगाम, मिळालेला किताब आणि चार-दोन किस्से एवढ्या सामग्रीवर लेख उभा करतो. वर्षातले चाळीस आठवडे जो नट लंडनबाहेर होता, त्याची कारकीर्द लंडनच्या खिडकीतून पाहिली तर ती नेहमीच खुजी दिसते.

ज्यांना अशा एखाद्या फिरत्या इंग्रजी नटाची आणि मंडळी चालवणाऱ्या निर्मात्याची कारकीर्द मुळापासून शोधायची आहे, अशा मराठी अभ्यासकांसाठी आणि नाट्यप्रेमी लेखकांसाठी हे मार्गदर्शन आहे. त्यातले मुख्य उदाहरण बेन्सन यांचे घेतले आहे आणि जेथे भारताशी संबंध येतो तेथे भारतभर शेक्सपिअरची नाटके घेऊन फिरलेले इंग्रज नट जेफ्री केंडल यांचे. पद्धत मात्र कोणत्याही नट-निर्मात्याला लागू पडेल.

आधी पदनामांचा अर्थ पक्का करावा

जुन्या इंग्रजी नाटकांचे कार्यक्रमपत्रक हाती आले की पहिली फसगत शब्दांवरून होते. आपण आज ज्याला निर्माता म्हणतो, म्हणजे जो पैसा उभा करतो, थिएटर ठरवतो आणि नफातोट्याचा धनी असतो, त्याला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटिश रंगभूमीवर सहसा ‘मॅनेजर’ म्हणत. ‘प्रोड्यूसर’ हा शब्द त्या काळी आपण ज्याला दिग्दर्शक म्हणतो त्याच्यासाठी वापरला जाई. त्यामुळे १९२५ च्या पत्रकावर एखाद्या नटाचे नाव ‘प्रोड्यूसर’ म्हणून दिसले, तर त्याने त्या नाटकात पैसा घातला असा अर्थ काढू नये; त्याने तालमी घेतल्या आणि नाटक बसवले, एवढेच त्यातून सिद्ध होते. पैसा कुणाचा होता हे शोधण्यासाठी पत्रकाच्या माथ्यावरची ओळ पाहावी, कारण नाटक कोण ‘सादर करीत आहे’ ते तेथे छापलेले असते.

‘ॲक्टिंग मॅनेजर’ हे पदनाम तर याहून फसवे आहे. हा माणूस रंगमंचावर पाऊलही ठेवीत नसे. तिकीटविक्री, दारावरची व्यवस्था आणि रात्रीचा हिशेब हे त्याचे काम. नट असून मंडळीचा मालक असलेल्या माणसासाठी इंग्रजीत ‘ॲक्टर-मॅनेजर’ हा वेगळा शब्द आहे, आणि बेन्सन त्या वर्गातले होते. आपल्याकडच्या जुन्या नाटक मंडळ्यांचा इतिहास वाचलेल्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. मालक, मुख्य नट आणि तालीम मास्तर या तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे असण्याची आपल्यालाही सवय आहे. तरीही प्रत्येक नोंदीपाशी हा माणूस त्या आठवड्यात नेमका कोणत्या नात्याने काम करीत होता हे स्वतंत्रपणे विचारावे. बहुतेक नट-निर्मात्यांनी दुसऱ्यांच्या मंडळ्यांत पगारी नट म्हणून सुरुवात केली होती आणि स्वतःची मंडळी बुडाल्यावर कित्येकांना पुन्हा पगारावर जावे लागले. बेन्सन यांनीही १८८२ मध्ये त्या काळचे आघाडीचे ॲक्टर-मॅनेजर हेन्री अर्व्हिंग यांच्या लंडनमधल्या लायसियम थिएटरमध्ये ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधल्या पॅरिसच्या छोट्या भूमिकेने व्यावसायिक सुरुवात केली होती.

आठवड्यांचा तक्ता

संपूर्ण कामाचा कणा म्हणजे आठवड्यांचा तक्ता. चरित्राचा एक शब्दही लिहिण्यापूर्वी तो तयार करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

फिरत्या इंग्रजी मंडळीचे जीवन आठवड्याच्या मापाने चालत असे. सोमवारी नव्या गावात पडदा उघडायचा, शनिवारी रात्री शेवटचा प्रयोग करून पडदे, सामान आणि कपडेपट रेल्वेच्या वाघिणीत चढवायचा आणि रविवारी पुढच्या गावाला निघायचे. रविवारी क्रू (Crewe) या रेल्वे जंक्शनवर वेगवेगळ्या मंडळ्यांच्या गाड्या एकत्र येत आणि वर्षानुवर्षे न भेटलेले नट फलाटावर एकमेकांना भेटत. तेव्हा तक्त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक आठवडा असे धरावे आणि तिच्यात सोमवारची तारीख, गाव, थिएटर, प्रत्येक रात्रीचे नाटक, आपल्या नटाची भूमिका आणि ही माहिती कोठून मिळाली, हे सारे नोंदवावे. शेवटचा रकाना कधीही गाळू नये.

येथे दोन प्रकारच्या मंडळ्यांत फरक करावा लागतो. काही मंडळ्या लंडनमध्ये गाजलेले एकच नाटक घेऊन फिरत. त्यांच्या बाबतीत आठवड्याला एक नाव लिहिले की काम भागते. बेन्सन यांच्यासारख्यांच्या मंडळ्या मात्र एकाच आठवड्यात अनेक नाटके करीत. सोमवारी ‘हॅम्लेट’, मंगळवारी एखादी सुखात्मिका, दुपारच्या खेळाला तिसरेच काही, असा त्यांचा क्रम असे. अशा मंडळीच्या तक्त्यात रात्रीगणिक नोंद केली नाही, तर त्या नटाने किती भूमिका डोक्यात सांभाळल्या होत्या हे कधीच कळत नाही, आणि माझ्या मते फिरत्या नटाच्या कर्तृत्वाचे खरे माप तेच आहे.

तक्ता भरण्यासाठी दोन साप्ताहिके अपरिहार्य आहेत. ‘द एरा’ हे १८३८ मध्ये सुरू झाले आणि १९३९ पर्यंत चालले. ‘द स्टेज’ १८८० पासून आजतागायत निघते. दोन्हींत कोणती मंडळी कोणत्या गावी आहे याच्या याद्या असत, प्रांतोप्रांतीच्या वार्ताहरांची टिपणे असत आणि कामाच्या शोधात असलेल्या नटांच्या छोट्या जाहिरातीही असत. या जाहिराती बारकाईने वाचाव्यात, कारण एखादा नट ‘मोकळा आहे’ असे छापून आले की त्याच्या आयुष्यातला एक रिकामा काळ आपल्याला सापडतो, आणि अशा काळाविषयी आठवणीवजा पुस्तकांत सहसा काही लिहिलेले नसते. १९१२ पासून निघू लागलेला ‘हूज हू इन द थिएटर’ हा कोश भूमिकांची मोठी यादी देतो. मात्र कोशातल्या अशा नोंदी बऱ्याचदा नटांनी स्वतः पुरवलेल्या माहितीवर आधारलेल्या असतात, म्हणून त्यांचा उपयोग दिशा कळण्यापुरता करावा.

साप्ताहिकातली यादी ही घोषणा असते, पुरावा नव्हे. पुढच्या आठवड्यात मंडळी अमुक गावी जाणार असे छापले गेले आणि प्रत्यक्षात दौरा मोडला, असे अनेकदा घडे. प्रयोग झाला हे सिद्ध करण्यासाठी त्या गावच्या स्थानिक वृत्तपत्रातला मंगळवार-बुधवारचा मजकूर शोधावा. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह या संकेतस्थळावर अशी असंख्य प्रांतिक वृत्तपत्रे घरबसल्या पाहता येतात. मजकूर वाचताना सोमवारच्या आधी छापलेले कौतुक आणि प्रयोगानंतरचे परीक्षण यांत गल्लत करू नये. प्रत्येक मोठ्या मंडळीचा एक माणूस आठवडा-दोन आठवडे पुढे जाऊन भित्तिपत्रके लावीत असे आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत तयार मजकूर पोहोचवीत असे. तीन वेगवेगळ्या गावांत तेच वाक्य अक्षरशः आढळले, तर ते परीक्षकाचे नाही हे ओळखावे.

गावांच्या नावांतही सापळे आहेत. ‘थिएटर रॉयल’ हे नाव शेकडो थिएटरांना होते, म्हणून नुसते तेवढे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. न्यूकॅसल टाइन नदीकाठचे की स्टॅफर्डशायरमधले, न्यूपोर्ट वेल्समधले की आइल ऑफ वाइटवरचे, हे दौऱ्यातली आधीची आणि नंतरची गावे पाहून ठरवावे. रविवारच्या एका दिवसाच्या रेल्वेप्रवासात जे बसत नाही, ते बहुधा चुकीचे असते.

सर्वांत मोठा सापळा मात्र एकाच नावाने फिरणाऱ्या अनेक मंडळ्यांचा. बेन्सन यांच्या भरभराटीच्या काळात त्यांच्या नावाच्या एकाहून अधिक मंडळ्या एकाच वेळी वेगवेगळ्या भागांत फिरत होत्या. पुढे चित्रपटांत गाजलेले बॅसिल रॅथबोन २२ एप्रिल १९११ रोजी इप्सविच येथे ‘टेमिंग ऑफ द श्रू’मध्ये होर्टेन्शिओ म्हणून प्रथम रंगमंचावर आले, ते बेन्सन यांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या मंडळीतून. त्या रात्री इप्सविचच्या भित्तिपत्रकावर बेन्सन हे नाव होते, म्हणून बेन्सन स्वतः तेथे होते असे समजणारा लेखक त्यांना एकाच रात्री दोन गावांत उभे करून ठेवील. तेव्हा मंडळीचा तक्ता आणि माणसाचा तक्ता वेगळे ठेवावेत. स्थानिक परीक्षणात भूमिकेपुढे नाव असेल, तेव्हाच माणसाच्या तक्त्यात नोंद करावी.

एवढे कष्ट कशासाठी, असे वाटले तर एकच उदाहरण देतो. फेब्रुवारी १९०० मध्ये बेन्सन यांनी लंडनच्या लायसियम थिएटरमध्ये ‘हेन्री द फिफ्थ’ने मोठा हंगाम सुरू केला आणि आदल्या वर्षी स्ट्रॅटफर्डला केलेले, एकही ओळ न गाळलेले ‘हॅम्लेट’ही तेथे सादर केले. लंडनच्या बाजूने पाहिले तर एका महत्त्वाकांक्षी नटाने राजधानीवर केलेली ही चढाई वाटते. तक्ता समोर असेल तर मात्र त्याच्या जेमतेम तीन महिने आधीची ओळ दिसते: नोव्हेंबर १८९९, न्यूकॅसल-अपॉन-टाइन, थिएटर रॉयल, ‘मॅकबेथ’, आणि प्रयोगानंतर लागलेल्या आगीत थिएटरचा अंतर्भाग जळून खाक. फिरत्या मंडळीचे सारे भांडवल म्हणजे तिचे नेपथ्य आणि कपडेपट. ते जिथे जळाले त्या गावापासून लायसियमच्या पडद्यापर्यंतचे ते आठवडे या माणसाने कसे काढले असतील, हा प्रश्न तक्ता नसलेल्याला सुचणारच नाही.

नाव, घर आणि रविवारची रात्र

नटांची रंगमंचावरची नावे आणि जन्मनोंदीतली नावे अनेकदा वेगळी असतात. हेन्री अर्व्हिंग हे जन्माने जॉन हेन्री ब्रॉड्रिब; जेफ्री केंडल हे जन्माने जेफ्री ब्रॅग, आणि त्यांनी घेतलेले आडनाव म्हणजे वेस्टमोरलंडमधल्या त्यांच्या जन्मगावाचे नाव. मूळ नाव हाती येईपर्यंत जन्म, विवाह आणि वारसाहक्काच्या नोंदींत शोध घेणे व्यर्थ आहे. विवाहनोंदीत दोन्ही नावे सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, म्हणून सुरुवात तेथून करावी.

स्त्रियांच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. बेन्सन यांच्या पत्नी कॉन्स्टन्स या मंडळीच्या प्रमुख नटी होत्या, पण पत्रकांवर त्या बहुधा ‘मिसेस एफ. आर. बेन्सन’ अशाच छापल्या गेल्या. त्यांच्या स्वतःच्या नावाने शोधणाऱ्याला ही कारकीर्द जवळपास दिसतच नाही. नट-निर्मात्याच्या मंडळीत पत्नीचा वाटा केवळ नायिकेच्या भूमिकांपुरता नसे. कपडेपट, नव्या मुलींची शिकवणी, मुक्कामाच्या खोल्या, आजारपणे, हे सारे बहुधा तिच्याकडे असे. ज्या चरित्रात ही बाई केवळ विवाहाच्या वर्षापुरती येते, ते चरित्र अर्धे आहे असे मी निःशंकपणे म्हणेन.

आता एक युक्ती सांगतो, जी मला स्वतःला फार उपयोगी वाटते. ब्रिटनची जनगणना त्या काळी रविवारच्या रात्रीची घेतली जाई. ३ एप्रिल १८८१, ५ एप्रिल १८९१, ३१ मार्च १९०१, २ एप्रिल १९११ आणि १९ जून १९२१ हे सारे रविवार आहेत. फिरती मंडळी रविवारी प्रवास करून नव्या गावी पोहोचलेली असल्यामुळे सोमवारी जेथे पडदा उघडणार त्या गावातल्या खोल्यांत तिची माणसे त्या रात्री नोंदली गेली. खानावळ चालवणाऱ्या एखाद्या घरमालकिणीच्या घरी चार-पाच नट एकत्र सापडले, की मंडळीत कोण कोणाबरोबर राहत होते, कोणाचे वय किती होते आणि कोणाची मुले सोबत होती, हे एका पानावर मिळते. १९३१ ची इंग्लंड आणि वेल्सची जनगणना १९४२ मध्ये आगीत नष्ट झाली आणि १९४१ मध्ये ती झालीच नाही. ती उणीव २९ सप्टेंबर १९३९ रोजी केलेल्या युद्धकालीन नोंदवहीवरून अंशतः भरून काढता येते.

हिशेब

नट म्हणून माणूस कसा होता याविषयी पुष्कळ लिहिलेले सापडते; निर्माता म्हणून त्याचा संसार कसा चालला याविषयी फारच थोडे. तरीही कारकिर्दीचे चढउतार बहुधा या दुसऱ्या बाजूनेच ठरत.

थिएटरचा मालक आणि फिरत्या मंडळीचा मालक हे सहसा गल्ल्याची टक्केवारीने वाटणी करीत. मंडळीच्या वाट्यातून नटांचे पगार, रेल्वेभाडे, जाहिरातीचा खर्च आणि नेपथ्याची डागडुजी निघायची. नाटक कंपन्यांना रेल्वेकडून सवलतीचे भाडे मिळे आणि फिरत्या व्यवसायाचे गणित बऱ्याच अंशी त्यावर टिकून होते. शेक्सपिअर करणाऱ्यांचा एक फायदा असा, की लेखकाला मानधन द्यावे लागत नसे, आणि एकच अरण्य, एकच राजवाडा थोड्या फेरफाराने अनेक नाटकांत वापरता येई. उलट, दर आठवड्याला अनेक नाटके करायची म्हणजे माणसे जास्त आणि वाघिणीही जास्त. आपल्या नटाने कोणती नाटके वारंवार केली हे तक्त्यातून मोजून पाहावे. त्याच्या आवडीइतकेच सामानाचे आणि माणसांचे गणितही त्या निवडीमागे दिसेल.

नटांच्या बाजूनेही हिशेब पाहणे न्यायाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तालमीच्या दिवसांचा पगार साधारणतः मिळत नसे आणि आधुनिक वेषातल्या नाटकांचे कपडे नट-नट्यांना स्वतःच आणावे लागत. नटांची संघटना असलेली इक्विटी ब्रिटनमध्ये १९३० साली स्थापन झाली. त्याआधीच्या नट-निर्मात्याविषयी लिहिताना तो आपल्या माणसांना वेळेवर पगार देत होता का, दौरा मोडल्यावर त्यांना परतीचे तिकीट देत होता का, हे विचारले पाहिजे. साप्ताहिकांतल्या वाचकपत्रांत आणि न्यायालयीन वार्तांकनात याची उत्तरे कधीकधी मिळतात.

दिवाळखोरीच्या सूचना ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रात छापल्या जात आणि त्या आता सर्वांना पाहता येतात. मृत्यूनंतर किती मालमत्ता राहिली हे इंग्लंड व वेल्सच्या वारसाहक्काच्या वार्षिक सूचीत १८५८ पासून नोंदलेले आहे. भांडवल कोठून आले हा प्रश्न सुटत नसेल, तर मंडळीच्या पहिल्या वर्षाच्या पत्रकांवरची सारी नावे उतरवून काढावीत, कारण पैसा घालणारा माणूस अनेकदा सचिव किंवा व्यवस्थापक म्हणून तेथेच असतो. काहींनी कोणाचीही वाट न पाहता स्वतःच्या बचतीवर मंडळी उभी केली. इंग्रज नट डोनाल्ड वुल्फिट यांनी १९३७ मध्ये तसेच केले.

प्रयोग दिसत कसा होता

नव्या नाटकांच्या संहिता परवान्यासाठी लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीत पाठवाव्या लागत आणि १८२४ पासून १९६८ पर्यंतचा तो प्रचंड संग्रह ब्रिटिश लायब्ररीत आहे. शेक्सपिअर करणाऱ्या नटासाठी मात्र प्रॉम्प्टरच्या प्रती अधिक मोलाच्या. कोणत्या ओळी गाळल्या, कोठे घंटा वाजवली, सैनिक कोणत्या बाजूने आले, हे त्यांत पेन्सिलीने लिहिलेले असते. अशा प्रतींसाठी स्ट्रॅटफर्डचा शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्ट आणि वॉशिंग्टनचे फोल्जर ग्रंथालय, तर पत्रके आणि छायाचित्रांसाठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचा नाट्यविभाग आणि ब्रिस्टल विद्यापीठाचा नाट्यसंग्रह, ही ठिकाणे आधी पाहावीत. बेन्सन यांच्या बाबतीत एक दुर्मीळ गोष्ट हाती आहे. त्यांच्या ‘रिचर्ड द थर्ड’चे १९११ मध्ये स्ट्रॅटफर्डच्या रंगमंचावर मूकचित्रीकरण झाले आणि ते टिकून राहिले. ते पाहताना अभिनयाचा निवाडा करण्याची घाई करू नये. आवाज नाही, कॅमेरा एका जागी खिळलेला, आणि तीन तासांचे नाटक अर्ध्या तासाच्याही आत बसवलेले. पण पडदे किती, माणसे किती, हातातल्या वस्तू कोणत्या, हे मात्र त्यात उघड्या डोळ्यांनी दिसते.

दौरा समुद्रापार जातो तेव्हा

परदेशी दौऱ्यांसाठी जहाजांच्या प्रवासीयाद्या पाहाव्यात. ब्रिटनमधून युरोपबाहेर निघालेल्या प्रवाशांच्या १८९० ते १९६० या काळातल्या याद्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. एकाच जहाजावर ‘नट’ असा व्यवसाय लिहिलेली दहा-पंधरा माणसे लागोपाठ सापडली, तर ती मंडळी आहे हे उघड असते आणि त्यात कोण गळाले, कोण नव्याने आले हेही कळते.

मुंबईचा मुक्काम असलेल्या दौऱ्यांसाठी आपल्याला एक सोय आहे. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे १८३८ पासूनचे अंक संगणकीय रूपात मोठ्या ग्रंथालयांतून पाहता येतात आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जुन्या वृत्तपत्रांचा संग्रह आहे. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ मध्ये उभे राहिलेले ग्रँट रोड थिएटर, आणि मॉरिस बँडमन व जहांगीर फ्रामजी कराका यांनी उभारलेले, १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झालेले रॉयल ऑपेरा हाऊस, ही नावे शोधशब्द म्हणून वापरावीत. बँडमन हे जन्माने न्यूयॉर्कचे, पण त्यांच्या मंडळ्यांत भरणा इंग्रज नटांचा होता आणि पूर्वेकडची शहरे त्यांनी एका साखळीत बांधली होती.

जेफ्री केंडल यांची कारकीर्द शोधायची तर अर्धे काम भारतातच करावे लागते. १९०९ मध्ये जन्मलेले केंडल युद्धकाळात सैनिकांसाठी नाटके करणाऱ्या ‘एन्सा’ या संघटनेतर्फे १९४४ मध्ये भारतात आले आणि १९४७ मध्ये पत्नी लॉरा लिडेल यांच्यासह ‘शेक्सपिअराना’ ही स्वतःची मंडळी घेऊन परतले. राजवाड्यांत, शाळांत, महाविद्यालयांत, जेथे बोलावणे येईल तेथे त्यांनी प्रयोग केले. पुढे बंगाली रंगभूमीचे अध्वर्यू झालेले उत्पल दत्त याच मंडळीत होते. मुलगी जेनिफर मंडळीची प्रमुख नटी होती आणि कलकत्त्याच्या मुक्कामात तिची शशी कपूर यांच्याशी गाठ पडली. दोघांचा विवाह १९५८ मध्ये झाला. जुहूचे पृथ्वी थिएटर या दोघांनी उभारले आणि ५ नोव्हेंबर १९७८ रोजी ते सुरू झाले तेव्हा पहिले नाटक होते गो. पु. देशपांडे यांचे ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, हिंदीतून. एका इंग्रज फिरत्या नटाच्या वाटेवरून निघालेला धागा मराठी नाटककारापर्यंत येऊन पोहोचतो, तो असा.

केंडल यांच्याविषयी लिहिणाऱ्याने एक पथ्य कटाक्षाने पाळावे. जेम्स आयव्हरी यांचा १९६५ चा ‘शेक्सपिअर वाला’ हा चित्रपट त्यांच्याच मंडळीवरून सुचलेला आहे आणि त्यात केंडल कुटुंबानेच भूमिका केल्या आहेत. पण त्यातली मंडळी ओसरत्या काळातली, प्रेक्षक गमावत चाललेली आहे, आणि ते चित्र आपल्या मंडळीचे नाही असे केंडल यांचे म्हणणे होते. चित्रपट पाहून कारकीर्द लिहिणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्याऐवजी पुणे, मुंबई, पाचगणी अशा ठिकाणच्या जुन्या इंग्रजी शाळा-महाविद्यालयांचे १९४७ नंतरचे वार्षिकांक चाळावेत. शाळेत शेक्सपिअरचा प्रयोग झाला असेल, तर तो कधी, कोणत्या नाटकाचा आणि कोणत्या सभागृहात झाला हे अशा अंकांत नोंदले जाण्याची शक्यता मोठी आहे, आणि हे काम इंग्लंडमधल्या अभ्यासकापेक्षा आपल्याला सहज जमणारे आहे.

प्रभावाविषयी मात्र जपून लिहावे. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले आणि शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी यांनी त्यातली प्रमुख भूमिका अजरामर केली, हे खरे. त्याच सुमारास इंग्रज मंडळ्या मुंबईला येत होत्या, हेही खरे. पण अमुक नटाने अमुक इंग्रजाचा प्रयोग पाहिला हे तारखेनिशी सापडेपर्यंत या दोन वाक्यांमध्ये ‘म्हणून’ घालू नये.

किस्से आणि मांडणी

नट-निर्मात्यांच्या भोवती किस्से फार जमतात. बेन्सन यांना खेळाचे वेड होते आणि मंडळीचा क्रिकेटचा संघ असे, हे पक्के आहे. त्यावरून चांगला गोलंदाज असलेला नट हवा अशी जाहिरात त्यांनी दिली, हा किस्सा निरनिराळ्या रूपांत सांगितला जातो. मूळ जाहिरात सापडली तर ती तारखेसह द्यावी, न सापडल्यास आख्यायिका म्हणूनच सांगावी. २ मे १९१६ रोजी ड्रुरी लेन थिएटरमध्ये शेक्सपिअरच्या त्रिशताब्दीच्या प्रयोगात बेन्सन ज्युलियस सीझरच्या वेषात असतानाच पंचम जॉर्ज यांनी त्यांना ‘नाइट’ हा किताब दिला, ही घटना वृत्तपत्रांत पाहता येते. किताब देताना राजाने खांद्याला लावलेली तलवार नाटकातली होती की ऐनवेळी बाहेरून आणवली, याबद्दल सांगणाऱ्यांत एकवाक्यता नाही. म्हणून लिहिताना घटना आणि तलवारीची कथा ही दोन वेगळी वाक्ये करावीत.

मांडणी जन्मापासून मृत्यूपर्यंत सरळ रेषेत करण्याची गरज नाही. एखादा पूर्ण भरलेला आठवडा निवडावा, सोमवारपासून शनिवारपर्यंत तो माणूस काय करीत होता ते सविस्तर लिहावे आणि मगच वर्षांकडे वळावे; वाचकाला या धंद्याचा वेग त्याशिवाय कळत नाही. रिकामे आठवडे अंदाजाने भरू नयेत. तक्ता लेखाच्या शेवटी जसाच्या तसा जोडावा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला आपण कोठे थांबलो ते दिसेल.

हेन्री अर्व्हिंग यांच्या तक्त्यातली शेवटची ओळ ऑक्टोबर १९०५ मधल्या एका आठवड्याची आहे: ब्रॅडफर्ड, थिएटर रॉयल. शुक्रवार, १३ तारखेच्या रकान्यात ‘बेकेट’ लिहावे. त्या प्रयोगानंतर थोड्याच वेळात ते मिडलँड हॉटेलात निवर्तले. शनिवारचा रकाना तसाच कोरा ठेवावा.